न मोजता बरोबर
ओर्नेल्ला फान्तुत्सीचा राग बोलोन्याच्या खगोलसंस्थेत नवा नव्हता. पण त्या दुपारी तिने कॉफीचा कप असा आदळला की बशीच दुभंगली.

विभागप्रमुख मालागुती भर बैठकीत हसत म्हणाले होते, "आघातांचं दुकान आता बंद कर, ओर्नेल्ला. दोन्ही लोंढे एकाच दिशेला सुसाट. मागचा पुढच्याला धडकून धडकून किती धडकणार? त्यातून एवढा प्रकाश निघतो होय?"

वीस वर्षं तिने याच धडकांवर घातली होती. कोसळणारा तारा जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने द्रव्याचा झोत फेकतो. तो एकसारखा नसतो. मागून सुटलेला वेगवान लोंढा पुढच्या रेंगाळणाऱ्याला गाठतो. त्या आघातात इलेक्ट्रॉन पिसाळतात, चुंबकीय क्षेत्रात गरगरतात आणि गॅमा किरण ओकतात; गॅमा किरणांचे स्फोट होतात ते असे, हे तिचं म्हणणं.

घरी तिची आई दिर्चे सारण भरलेल्या तोर्तेल्लिनी पास्त्यासाठी पीठ मळत होती. ओर्नेल्लाने तो गोळा ओढून घेतला आणि बुक्क्या घालायला लागली.

"अगं, ते पीठ आहे, मालागुतीचं थोबाड नव्हे!"

"त्याला मोजूनच दाखवते, थांब!"

नुकत्याच नोंदलेल्या एका स्फोटाची गणितं तिने मांडली. धडक जोरात बसावी म्हणून लोंढ्यांच्या वेगात शक्य तेवढा फरक ठेवला. प्रकाशाची फडफड झकास जुळली; एकेक धडक, एकेक झळाळी. पण एकूण प्रकाश काही केल्या पुरेना. आघातांतून न निघालेली ऊर्जा पुढे भोवतालच्या वायूवर आदळते आणि मागाहून मंद उजेड देते. इथे तो उजेड फारच क्षीण होता. म्हणजे जवळपास सगळी ऊर्जा आधीच गॅमा किरणांत गेली होती, आणि आघातांना तेवढं साधत नाही. तिने चूक शोधली, पडद्याला शिव्या घातल्या, पुन्हा शोधली. चूक नव्हती.

आकडे तिने मालागुतींच्या टेबलावर आपटले. "या स्फोटापुरतं तुमचं खरं."

ते खुलले. "म्हटलं नव्हतं मी? लेखात माझंही नाव घाल."

"तुम्ही नुसतं म्हणालात. मोजलं मी."

"मग चिडतेस कशाला?"

"चिडू नको तर काय करू? न मोजता बरोबर ठरलात तुम्ही!"

लेख तिच्या एकटीच्या नावाने गेला. मालागुतींनी अबोला धरला.

"जिंकलीस का?" आईने जेवताना विचारलं.

"हरले," ओर्नेल्ला तोंडात घास असतानाच खेकसली, "पण एकाच स्फोटात. बाकीचे अजून मोजायचेत."