मागच्या दाराचं भाषण

घरातल्या दोघी जावांपैकी धाकटीला कपड्यांच्या कारखान्यात सगळे ‘खोकलेबाई’ म्हणायचे. गेल्या वर्षी वार्षिक सभेत शिवणखात्यातर्फे ती बोलायला उभी राहिली, घसा खाकरला, पुन्हा खाकरला आणि तशीच खाली बसली. खात्याला मिळालेली तीन मिनिटं खाकरण्यात गेली.

बोलायचं होतं ते मागच्या दाराबद्दल. कापड चोरीला जातं म्हणून मॅनेजरने त्या दाराला कुलूप घातलं होतं. आत साठ बाया, चहूकडे कापडाचे गठ्ठे आणि बाहेर पडायला एकच वाट. त्यानंतर दोनदा मशीनची मोटार जळून धूर झाला. दोन्ही वेळा देवाने सांभाळलं.

“दोनदा सांभाळलं त्याने,” ती थोरल्या जावेला म्हणाली. “तिसऱ्यांदा त्यालाच कशाला कामाला लावायचं? या वर्षी मी बोलणार.”

नवरा म्हणाला, “कागदावर लिहून दे ना. साहेब वाचतील.”

“दिला होता की कागद. त्यावर चहाचा कप ठेवला त्यांनी.”

मग घरात तालीम सुरू झाली. हात रिकामे असले की धाकटीचं डोकंही रिकामं व्हायचं, म्हणून ती घरच्या पायमशीनवर शिवता शिवता बोलायची. थोरली स्वयंपाकघरात भाजी निवडत बसायची. धाकटीने शब्द गिळले की तिथून आवाज यायचा, “ऐकू आलं नाही.” धाकटी भरधाव सुटली की, “आग लागायच्या आधीच बोलतेयस ना? मग सावकाश.”

भाषणाची सुरुवात होती, “मी फार शिकलेली नाही, चुकलं तर माफ करा.”

“हे उसव,” थोरली म्हणाली. “गुन्हा कुलूप घालणाऱ्याने केलाय, तू नाही. आणि सगळ्यांकडे बघू नकोस. शेवटच्या रांगेतल्या एकाशी बोल, पुढच्यांना आपोआप ऐकू जातं.”

महिन्याभरात भाषण तोंडपाठ झालं.

सभेच्या दिवशी धाकटीने मनातल्या मनात हात जोडले आणि माइकसमोर उभी राहिली. पहिलं वाक्य आठवेना. दुसरंही नाही. पहिल्या रांगेत कुणीतरी मुद्दाम खोकलं आणि हशा पिकला. तिने खाली पाहिलं. पाय जमिनीला चिकटले होते. मग तिच्या लक्षात आलं, महिनाभर एकही वाक्य आपण पाय न हलवता म्हटलेलं नाही.

“साहेब, खुर्ची द्या.”

“बरं वाटत नाही का?” मॅनेजर म्हणाले.

“ठणठणीत आहे. बसून बोलणार. नऊ तास बसून काम करते ते चालतं ना तुम्हाला?”

खुर्ची आली. तिने माइक खाली ओढला, चप्पल काढली आणि टाच रोवून पंजा खालीवर हलवायला लागली. त्या तालाबरोबर एकेक वाक्य बाहेर आलं: साठ बाया, एक दार, दोनदा धूर, कोण कुठे अडकली, कुणाला उचलून बाहेर आणावं लागलं. शेवटच्या रांगेत कटिंगमास्तर बसले होते. त्यांना कमी ऐकू येतं. त्यांनी मान डोलावली, तेव्हा तिचा आवाज आणखी मोकळा झाला.

“तीन मिनिटं झाली,” मॅनेजरने घड्याळ दाखवलं.

“गेल्या वर्षीची माझी तीन शिल्लक आहेत.”

आता हसू शिवणखात्याच्या रांगांतून आलं. ते ओसरेपर्यंत ती थांबली. थांबायलाही थोरलीनेच शिकवलं होतं. मग म्हणाली, “दारावर झडती घ्या, पिशव्या उघडून बघा, आमची ना नाही. कुलूप मात्र आज निघालं पाहिजे.”

“बरं, विचार करू आम्ही,” मॅनेजर म्हणाले. “बसा आता.”

“बसलेच आहे,” ती म्हणाली. “करा विचार. किल्ली टेबलावर आली की उठते.”

तिचा पाय चालूच होता. समोर शिवणखात्याच्या रांगांत एकेक करत बाकी साऱ्या जणींच्या चपला पायांतून निघाल्या आणि त्यांचेही पंजे त्याच तालात हलायला लागले.