अकरा चित्रं, एक मीटर फिल्म: करमाडहून उस्मानपुऱ्यापर्यंत

एप्रिलच्या उन्हात कुणी छत्रपती संभाजीनगरला हौसेनं जात नाही. मी गेले, कारण शाळेचा शेवटचा दिवस चार दिवसांवर आला होता. आमची शाळा करमाडपासून आत, एका वस्तीवर. पोरं अकरा, शिक्षिका मी एकटी. जूनपासून ही शाळा जालना रोडपलीकडच्या मोठ्या शाळेत मिसळणार असं पत्र आलं होतं. मी दोनदा अर्ज केला: निदान पोरांना न्यायला गाडी द्या. उत्तर आलं नाही. मग मनात आलं, प्रत्येकानं स्वतः काढलेलं चित्र त्याच्या स्वतःच्या टी-शर्टवर छापून द्यावं. दुसरं काही हातात नव्हतं.

हे छापायची सोय आता शहरात गल्लोगल्ली आहे. पारदर्शक फिल्मवर चित्र छापतात, ते गरम प्रेसखाली कापडावर उतरवतात. फिल्म मीटरवर मिळते, म्हणून सगळी चित्रं एकाच तुकड्यावर शेजारी शेजारी बसवून न्यायची. वेगवेगळी छापली तर फिल्म वाया जाते आणि खर्चही उगाच वाढतो. हे मला फोनवर दुकानदारानंच सांगितलं.

सोबत कोंडिबाभाऊंना घेतलं. सारूचे वडील. सारू चौथीतली, वर्गात सगळ्यात हुशार. भाऊंची तीस-बत्तीस मेंढरं आहेत. टी-शर्टांचं ओझं उचलायला सोबत या, असं मी त्यांना म्हणाले. खरं कारण वेगळं होतं. सारूला पाचवीला पाठवणार नाही असं त्यांनी वस्तीवर सांगितलं होतं, आणि मला वाटेत त्यांचं मन वळवायचं होतं.

सकाळी साडेसातला त्यांच्या मोटारसायकलवर करमाड. तिथून जालन्याकडून येणारी लाल बस. बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि आठच्या आत गेलात तर बसायला जागा मिळते. शेंद्र्याच्या कारखान्यांपाशी बस थांबत थांबत चालली. खिडकीतून जालना रोडवरच्या ट्रकांची रांग दिसत होती. मी तिथंच विषय काढला.

"भाऊ, सारूला नव्या शाळेत घाला. पोरगी पुढं जाईल."

त्यांनी रस्त्याकडं बोट केलं. "ह्यो रस्ता बगा बाई. मागल्या साली माज्या दोन मेंढ्या ट्रकाखाली गेल्या हितं. मी संगं होतो, काठी घिऊन. पोरगी एकटी कशी वलांडंल?"

"बाकीची पोरं असतील सोबत."

"ती बी लेकरंच हायत."

सिडकोला आम्ही उतरलो.

तिथून रिक्षानं छावणी. कोरे टी-शर्ट तिथल्या बाजारात स्वस्त आणि बरे मिळतात. घेताना कापड हातानं ताणून बघा, फार पातळ घेऊ नका. कोंडिबाभाऊंना छावणी माहीत होती. जनावरांच्या बाजाराला ते कितीदा आलेत. पण कपड्यांच्या दुकानात ते दारातच उभे राहिले. दहा पोरांचे आकाशी शर्ट मी मापानं निवडले. सारूचा निवडताना मात्र ते आत आले आणि मोठ्या माणसाच्या मापाचा शर्ट उचलला.

"एवढा मोठा? गुडघ्यापर्यंत येईल."

"वाढतं अंग हाय बाई. चार-पाच सालं टिकंल."

दुकानदार हसला. मला हसू आलं नाही. चार-पाच वर्षं हा शर्ट कुठं वापरला जाणार, हे मला कळलं होतं.

शेजारच्या टपरीवर पोहे खाल्ले. भाऊंनी फडक्यात बांधून आणलेली भाकरी काढली आणि ठेचा मला दिला. पोहे गार होते, ठेचा झणझणीत. छावणीत पोटभर खायचं असेल तर अकरानंतर जा. आधी चुली पेटलेल्या नसतात.

उस्मानपुऱ्यातलं छपाईचं दुकान एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर. बाहेर होरपळत होतं आणि आत मशीनसाठी एसी. नदीमभाई म्हणून चाळिशीचे गृहस्थ. त्यांनी माझ्या मोबाइलमधले फोटो उघडले आणि कपाळाला हात लावला.

"मॅडम, ये वहीच्या रेघा दिसू राहिल्या ना, ह्या बी छपतील. सब काढना पडता."

तुम्ही जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: चित्र कोऱ्या कागदावर, जाड स्केचपेननं काढून घ्या, फोटो सावलीत सरळ वरून काढा. मी हे काहीच केलं नव्हतं. नदीमभाई दीड तास एकेका चित्राची पार्श्वभूमी पुसत बसले. मग स्क्रीनवर एक मीटर लांबीचा कोरा पट्टा उघडून चित्रं बसवायला लागले. विहीर. ट्रॅक्टर. लाल फ्रॉकमधली बहीण. आडव्या तीन, उभ्या चार ओळी, मध्ये बोटभर अंतर, नाहीतर कापताना कात्री चित्रावर जाते. बारा जागा झाल्या. चित्रं अकरा.

बाराव्या जागेत मला शाळेचं नाव टाकायचं होतं. मोठ्या अक्षरांत. ते कापून मी माझ्या कापडी पिशवीवर छापून घेणार होते. सोळा वर्षं मी त्या नावाखाली सही केली.

शेवटी सारूचं चित्र आलं आणि नदीमभाई थांबले. सारूनं पेन्सिलीनं अख्खा कळप काढला होता, बारीक बारीक रेघांनी.

"ये नै होता मॅडम. लहान केला तो रेघ इत्ती पतली होती, के चिकटवायची पावडर पकडती नै. धुतला के गया. अर्ध्या मेंढ्या काढून टाकू?"

मी कोंडिबाभाऊंकडं बघितलं. लेकीची वही त्यांनी कधी उघडली नव्हती. ते स्क्रीनजवळ आले, वाकले.

"ही लंगडी," ते म्हणाले. "हिचा पाय बगा. ही काळ्या कानाची. हे दोन जुळं. अन् ही..." त्यांचं बोट थांबलं. "ही त्या रस्त्यावर गेली. ही बी. पोरीनं दोगी बी काढल्या."

नदीमभाईंनी माउसवरचा हात काढून घेतला.

"तो कौनसी निकालू?" त्यांनी हळूच विचारलं.

"कोनतीबी नाय," कोंडिबाभाऊ म्हणाले.

मग मी म्हणाले, "शाळेचं नाव नको. ह्या चित्राला दोन जागा द्या."

नदीमभाईंनी चित्र मोठं करून दोन जागांवर आडवं पसरलं, रेघा जाड केल्या. मशीनमधून फिल्म सरकत बाहेर आली. आधी रंग, त्यावर पांढरा थर, मग पावडर, मग भट्टी. वरून सगळं पांढरंच दिसतं, चित्र उलट बाजूला. मग कात्री, मग प्रेस. एकेक शर्ट पंधरा सेकंद. सारूचं चित्र तिच्या मोठ्या शर्टाच्या पाठीवर नीट मावलं.

परतीच्या बसमध्ये कोंडिबाभाऊंनी तो शर्ट मांडीवर घेतला होता. मला आशा वाटली. मी पुन्हा विचारलं.

"भाऊ, आता तरी?"

त्यांनी शर्टावरून हात फिरवला. "चित्र लई चांगलं हाय बाई. पन रस्ता त्योच हाय ना."

शेवटच्या दिवशी अकराच्या अकरा पोरं आली. पोरांनी शर्ट तिथंच घातले, एकमेकांची चित्रं ओळखली, आरडाओरडा केला. सारू पाठमोरी उभी राहून, पाठीवरचा कळप दाखवत सगळ्यांना विचारत होती, "समदी आली का?" मी दोन खोल्यांना कुलूप लावलं आणि घरी येऊन रडले. दुसऱ्या दिवशी भाऊ कळप घेऊन पैठणकडं निघाले. सारू सोबत.

हा प्रवास करावा का? छपाईसाठी म्हणाल तर जरूर करा. शर्ट आजही धुवून तसेच आहेत, पोरांच्या आया सांगतात. मी मात्र एक पोरगी शाळेत ठेवायला निघाले होते आणि ते झालं नाही. तिचे वडील वाईट होते, अडाणी होते, असं मला म्हणता आलं असतं तर सोपं गेलं असतं. ते बरोबर बोलत होते. मी आता त्याच मोठ्या शाळेत आहे आणि तो रस्ता रोज ओलांडते. मोठ्या माणसालाही थांबून थांबून ओलांडावा लागतो.

जुलैत भाऊंच्या नंबरावरून फोन आला. सारू होती.

"बाई, नव्या शाळंत कोन कोन येतं?"

मी नावं सांगितली. सहा. प्रत्येक नावाला ती "व्हय" म्हणत गेली. मग तिनं विचारलं, "माजं नाव हाय का हजेरीत?"

"आहे ना."

"मंग माज्या म्होरं काय लिव्हता?"

"गैरहजर."

"रोज?"

"रोज."

"बरं," ती म्हणाली. "ठिवते बाई. मेंढरं लांब गेली."