पोळ्याचा डबा

आमच्या गावाशेजारचे दगडी कॉन्व्हेंट निजामाच्या काळात परदेशी सिस्टरांनी बांधले. बाहेरच्या माणसांसमोर जेवायचे नाही, असा त्यांचा नियम होता. पुढे नियम सैल झाला. तरुण सिस्टर आता गावच्या लग्नांतही जेवतात. पण केरळहून विशीत आलेल्या सिस्टर एल्सींनी तो सोडला नाही.

त्या दवाखाना पाहत. माझ्या लक्ष्मीकाकूची सगळी बाळंतपणे त्यांनीच केली. तेव्हापासून दर पोळ्याला काकू ज्वारीची भाकर आणि भरल्या वांग्यांचा डबा घेऊन जाई. सिस्टर हसून डबा आत नेत आणि घासूनपुसून परत देत. त्यांना घास घेताना काकूने कधी पाहिले नव्हते.

"कुत्र्याले टाकत असतीन," ती चिडून म्हणे. पुढच्या पोळ्याला पुन्हा डबा भरी.

यंदा सिस्टर एल्सींना हैदराबादला, म्हाताऱ्या सिस्टरांच्या निवासात पाठवायचा आदेश आला. आदेशाला नाही म्हणायचे नसते. त्यांना स्टेशनवर सोडायला मी बँकेत रजा टाकली. काकूने मला बजावले, "आधी इकडं आन त्याईले. माह्या घरी जेवल्याबिगर जाऊ देणार नाई."

मी निरोप सांगितला. सिस्टर म्हणाल्या, "आमच्या जुन्या मदरला शब्द दिला होता. त्या वारल्या, तरी सवय सुटली नाही." माझी गाडी गावाच्या फाट्याशी आली, तेव्हा त्यांनीच मला वळायला सांगितले.

काकूने पाट मांडला, ताट वाढले. सिस्टरांचा हात ताटाशी अडला. ते पाहून काकू भिंतीकडे तोंड करून बसली.

"मी पाहत नाई बाप्पा. खा तुमी."

"इकडं फिर, लक्ष्मी," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी क्रूसाची खूण केली, भाकर मोडली, वांग्यात बुडवली. "आज मीठ कमी पडलं. पोळ्याला बरोबर असतं."

काकू गर्रकन वळली. "म्हंजे खात होत्या तुमी?"

"मग काय कुत्र्याले टाकत होते? गावभर सांगून राह्यली होतीस, माह्या कानावर येत होतं."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"चिडलीस की वांगे जास्त चांगले करत होतीस."

काकूने पदराने डोळे पुसले आणि मिठाची वाटी आणायला उठली.