बाहेर उभे राहणारे काकाजी

गिऱ्हाईक फोनवर बोलायला लागलं की स्वतःच्याच दुकानातून उठून बाहेर उन्हात जाऊन उभा राहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे आमचे बूथवाले काकाजी. चोरखमारा तलावाच्या वाटेवर, बाजाराच्या पटांगणाला लागून त्यांचा पिवळ्या पाटीचा फोनबूथ होता. आत काचेची केबिन होती, पण तिचं दार कधी नीट लागलंच नाही. ते दुरुस्त करण्याऐवजी काकाजींनी स्वतःच बाहेर जायचं ठरवलं. मे महिन्यात गोंदियाचं ऊन काय असतं हे तिथे राहिलेल्यालाच ठाऊक. तशा उन्हात डोक्यावर दुपट्टा घेऊन हा माणूस रस्त्यापलीकडे उभा असायचा आणि बिल किती झालं ते गिऱ्हाईक आतल्या मीटरवर बघून सांगायचं. लोक त्यांना अर्धवट म्हणत. त्यांच्या तोंडावर म्हणायची मात्र कोणाची छाती नव्हती, कारण काकाजींचं तोंड भारी खराब होतं.

ते काही मवाळ, देवमाणूस वगैरे नव्हते. चहा गार मिळाला तरी ते हॉटेलवाल्याच्या सात पिढ्या काढत. पण त्यांचा खरा राग बघायचा असेल, तर त्यांना दुसऱ्याच्या फोनबद्दल विचारावं. आमच्या गल्लीतले एक गृहस्थ रोज बूथच्या आसपास घुटमळायचे. सून माहेरी फोन करून काय बोलते, ते त्यांना हवं होतं. एकदा ऐन आठवडी बाजारात त्यांनी काकाजींना हळूच विचारलं. काकाजी भर बाजारात ओरडले, "काऊन गा, तुले कायले पाहिजे? तुह्या सुनेले इचार ना! थे सांगन त तुह्यं, नाई सांगन त तिचं!" भाजीवाल्या बायांनी तराजू खाली ठेवले आणि ते गृहस्थ पिशवी न भरताच घरी गेले.

"सांगन त तुह्यं, नाई सांगन त तिचं" हेच त्यांचं सगळं शास्त्र होतं. एकदा एका सोयरिकीत मुलीकडचे आणि मुलाकडचे दोघंही त्यांच्याच बूथवरून आपापल्या पाहुण्यांशी बोलत होते. सकाळी हे यायचे, दुपारी ते. दोन्हीकडच्यांना वाटायचं, काकाजींना दुसऱ्या बाजूचं सगळं माहीत असणार. मी तेव्हा शाळेत होते आणि मलाही तसंच वाटायचं. मी त्यांना विचारलं, तर म्हणाले, "दोन घरच्या दोन गोष्टी एका मानसाजवळ आल्या का तो मानूस नासते. म्हनून मी ऐकतच नाई." मला ते तेव्हा समजलं नाही.

घरोघरी मोबाईल आले आणि बूथ बसला. काकाजींनी केबिन काढून तिथे दोन कॉम्प्युटर मांडले. परीक्षेचे अर्ज, निकाल, रेल्वेचं आरक्षण, सगळं तिथेच होऊ लागलं. सवय मात्र तीच राहिली. गिऱ्हाईक बसलं की हे बाहेर, आणि ते उठलं की आत येऊन आधी कॉम्प्युटरमधला सगळा मागमूस पुसायचा. कोणी काय पाहिलं, कुठे गेलं, काय टाइप केलं, एकूण एक. ते कसं करायचं हे त्यांनी गोंदियाला दोन चकरा मारून शिकून घेतलं होतं. पुसून झालं की एका फडक्याने कीबोर्डही पुसायचे. दोन्ही पुसण्यांत त्यांना काही फरक वाटत नसे. "झालं कोरं. या आता," म्हणायचे आणि पुढच्याला आत पाठवायचे.

माझ्या डाव्या हाताच्या कोपरावर पांढरा डाग आला तेव्हा मी डी.एड. संपवून घरी बसले होते. आधी एवढासा होता, मग पसरला. कोड. हा शब्द आमच्याकडे मोठ्याने कोणी उच्चारत नाही. उच्चारला तर त्या घरच्या सगळ्या मुलींची लग्नं अडतात. डॉक्टर म्हणाले, याने काही होत नाही, लागट नाही, घाबरू नकोस. घाबरू नकोस म्हणायला त्यांचं काय जात होतं? मायने माझ्यासाठी पूर्ण बाह्यांची पोलकी शिवून घेतली आणि बाबूजी महिनाभर माझ्याशी नजर मिळवून बोलले नाहीत. मी काकाजींच्या कॉम्प्युटरवर जाऊन बसले आणि एका आरोग्याच्या वेबसाईटवर माझा प्रश्न लिहिला. उत्तरासाठी त्यांनी नाव आणि मोबाईल नंबर मागितला. मी दिला. न देऊन कसं चालणार होतं, उत्तर हवं होतं ना मला!

उठले तेव्हा माझे डोळे बघून काकाजींनी फक्त एवढंच विचारलं, "पानी पेतेस का?" मग मीच त्यांना बाही वर करून डाग दाखवला. घराबाहेरच्या माणसाला पहिल्यांदाच. त्यांनी नीट पाहिलं, तोंड वाकडं केलं नाही की हळहळले नाहीत. म्हणाले, "लपवू नोको. पोरगा पाहाले आला का लगनाच्या आदी त्याले सांग. पन तूच सांग. तुह्या तोंडानं. मायनं नाई, भावानं नाई." आणि मग आत जाऊन कॉम्प्युटर पुसून आले.

पुढे थोड्याच दिवसांनी माझ्या भावाने, म्हणजे दादाने, त्याच कॉम्प्युटरवर बसून लग्न जुळवणाऱ्या एका वेबसाईटवर माझं नाव घातलं. फोटो, शिक्षण, उंची, कूर म्हणजे कुळ, गाव आणि घरचा मोबाईल नंबर. तोही बसला तेव्हा काकाजी बाहेर उभे होते आणि तो उठल्यावर त्यांनी तेही पुसलं.

आता आमच्या घरच्या मोबाईलबद्दल सांगितलं पाहिजे, कारण हे आमच्या जंगलपट्टीबाहेरच्यांना खरं वाटणार नाही. अख्ख्या घराला एकच मोबाईल. त्याला रेंज मिळायची ती फक्त छपरीच्या, म्हणजे घरापुढच्या ओसरीच्या, पूर्वेकडच्या खांबाजवळ. म्हणून तो एका पिशवीत घालून त्या खांबाच्या खिळ्याला टांगलेला असे. हातात घेतला की रेंज जायची. त्यामुळे फोन आला की पिशवीत हात घालून स्पीकर चालू करायचा आणि खांबासमोर उभं राहून बोलायचं. मामाचा फोन असो की बँकेचा, सगळं घर ऐकायचं. गावात बहुतेक घरी असंच होतं. त्यात लाजण्यासारखं काही आहे, असं कोणाच्या मनातही येत नव्हतं.

त्या वेबसाईटवरूनच एक स्थळ आलं. गोंदियाकडचं, भाताची मिल असलेलं घर, मुलगा शिकलेला. ते बघायला आले त्या दिवशी शेजारचे मोठे माणूस म्हणून काकाजीही छपरीत येऊन बसले होते. पोहे झाले, चहा आला. चहानंतर आम्हा दोघांना मागच्या अंगणात थोडा वेळ बोलायला देणार होते, आणि तिथे मी त्याला सांगणार होते. वाक्यसुद्धा पाठ केलं होतं. "मला तुम्हाला एक गोष्ट दाखवायची आहे, ती बघून मग काय ते ठरवा." मुलगा बरा वाटत होता. तो ऐकून घेईल असं मला वाटत होतं. अजूनही वाटतं, आणि म्हणूनच अजूनही जळते मी.

खांबावरचा फोन वाजला. दादाने नेहमीसारखा पिशवीत हात घातला आणि स्पीकर लावला. एका मुलीचा गोड आवाज छपरीभर पसरला. "नमस्ते, क्या मैं वंदना जी से बात कर सकती हूँ? मॅडम, आपने सफ़ेद दाग़ के बारे में पूछा था ना?" दादाचा हात पिशवीतच राहिला. आवाज पुढे बोलतच होता. "आपकी शादी की बात चल रही है ना मॅडम, तो आप अभी कोर्स शुरू कर लीजिए. लड़केवालों को पता भी नहीं चलेगा."

काकाजींनी उडी मारून पिशवीच खिळ्यावरून ओढली. रेंज गेली, आवाज बंद झाला. पण काय उरलं होतं? मुलाची आई माझ्या बाह्यांकडे बघत होती. मुलगा कपात बघत होता. त्याच्या वडिलांनी घसा खाकरून भाताच्या भावाची गोष्ट काढली. मागच्या अंगणात जायचं कोणी नाव काढलं नाही. "कळवतो," म्हणाले आणि गेले. त्यांनी आम्हाला काहीच कळवलं नाही, बाकी सगळ्या नात्यागोत्याला मात्र कळवलं.

मी लपवत नव्हते हो! मी सांगणारच होते! पण आता कोणाला हे पटवणार? ऐकणाऱ्यांनी एवढंच ऐकलं की पोरीने डाग झाकला होता आणि "पता भी नहीं चलेगा" असा बेत होता. माझा खरेपणा त्या गोड आवाजाने माझ्याच छपरीत खोटा पाडला. मी एका ठिकाणी दुखणं सांगितलं होतं. भावाने दुसऱ्या ठिकाणी लग्नाचं सांगितलं होतं. या दोन गोष्टी जोडून त्यांवर धंदा करायची परवानगी आम्ही दोघांनी कोणाला दिली होती?

दुसऱ्या दिवशी काकाजींनी दुकान उघडून मला बोलावलं. त्या आरोग्याच्या वेबसाईटचे नियम आणि अटी काढायला लावल्या आणि मला इंग्रजी वाचून अर्थ सांगायला लावला. लांबच लांब मजकूर होता. त्यात मधेच कुठेतरी लिहिलं होतं, की आपली माहिती आम्ही आमच्या सहयोगी संस्थांना देऊ शकतो. लग्नाच्या वेबसाईटवरही तेच, जवळजवळ त्याच शब्दांत. "सहयोगी म्हंजे कोन?" काकाजी ओरडले. "त्याईले नावं नाई का? मायबाप नाई का त्याईले?" मग आदल्या दिवशी ज्या नंबरवरून फोन आला होता, त्यावर त्यांनी फोन लावला. पलीकडे तशीच कोणी नोकरी करणारी मुलगी. तिला शिव्या घालायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हणाले, "बेटा, तेरे मालिक को दे." ती म्हणाली, मालक इथे नसतात. मग नंबर काढून टाका म्हटल्यावर तिने ओळख पटवायला काकाजींचंच नाव, गाव, नंबर आणि जन्मतारीख मागून घेतली. माझा नंबर निघाला नाहीच. पुढच्या आठवड्यापासून पांढऱ्या डागाच्या औषधासाठी काकाजींनाही फोन येऊ लागले.

यावर मला हसू आलं, पण ते हसले नाहीत. त्यांना दुसरंच काहीतरी खात होतं. "मी माह्याकडलं पुसून राहिलो होतो वंदे," एक दिवस म्हणाले. "मले वाटे का कोरं झालं. त्याच्याकडलं कोन पुसन? तू बसली, मी बाहेर. तुहा भाऊ बसला, मी बाहेर. एकडाव आत असतो, त नंबर नोको देऊ म्हनलो असतो." मी म्हटलं, काकाजी, तुमचा काय दोष? ते फडकं घेऊन पुसलेलाच कीबोर्ड पुन्हा पुसत बसले. एवढा तोंडाळ माणूस असा गप्प बसलेला मला बघवला नाही. मला त्या कंपन्यांचा खरा संताप आला तो तेव्हा. माझं स्थळ गेलं ते गेलं. पण दुसऱ्याच्या बोलण्याला पाठ करून उन्हात उभं राहणाऱ्या माणसाला, आपण आत थांबून बघायला हवं होतं असं वाटायला लावलं त्यांनी. काकाजींनी त्या महिन्यातच कॉम्प्युटर विकले आणि तिथे सायकलींचे पंक्चर काढायला बसले.

मी पुढे तिरोड्याकडे शाळेत लागले. अर्ध्या बाहीचीच पोलकी घालते. मुलं विचारतात, बाई हे काय, मी सांगते. आता कोणालाही सांगते. पण पहिल्यांदा, ज्याला सांगायचं होतं त्याला, माझ्या तोंडाने सांगायची वेळ एकदाच येते, आणि ती माझ्याकडून हिसकावून घेतली गेली. लोक म्हणतात, जाऊ दे, झालं गेलं. का जाऊ देऊ?

काही वर्षांनी काकाजी आजारी पडले. मी गोंदियाच्या दवाखान्यात त्यांना भेटायला गेले, तर त्यांनी काकीला चहा आणायला बाहेर पाठवलं, बाजूच्या खाटेवरचा माणूस झोपलाय ना ते पाहिलं आणि मला जवळ बोलावलं. आपल्याला काय झालंय, किती दिवस आहेत, सगळं सांगितलं. काकीलाही अजून सांगितलं नव्हतं. "पयले तुले सांगून राहिलो," म्हणाले. "बाकीच्याईले मी सांगीन, मले वाटन तवा." तशी वेळ यायच्या आधीच ते गेले.

मयतीला आलेले सगळे विचारत होते, काय झालं होतं, तुला तर ठाऊक असेल. काकीनेही विचारलं. मी काही सांगितलं नाही. त्या आजाराचं नाव मी मोबाईलवर कधी शोधलं नाही, कुठे टाइप केलं नाही. इथेही लिहिणार नाही.