सुमनचे बुधवार

त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात आमची कंपनी उत्तरेकडे एका उंच पोस्टवर होती. मी हवालदार, सेक्शन कमांडर. सोळा वर्षं सर्व्हिस झालेली. रूटीन ठरलेलं. साडेपाचला चहा, सहाला हत्यारं घेऊन स्टँड-टू, आठला पेट्रोल, म्हणजे गस्त, बाहेर, दुपारी रेशनची गाडी. आठवड्यातून एकदा डाक.

मी चौथी शिकलो. छापलेलं वाचता यायचं, हाताने लिहिलेलं नाही. म्हणून घरचं पत्र लान्स नायक दत्ता मोहिते वाचून दाखवायचा. बंकरमध्ये सगळे ऐकायचे. माझी बायको सुमन नेहमी तेच लिहायची. मुली बऱ्या आहेत, नळाला सकाळचंच पाणी येतं, तब्येत सांभाळा. लपवण्यासारखं काही नाही. तरी मला दत्ताचा राग यायचा. माझ्या बायकोचे शब्द आधी त्याला कळायचे, मग मला. एकदा तो वाचता वाचता गालात हसला, तर मी त्याला दोन दिवस जास्तीची ड्युटी लावली. का हसलास ते विचारलं नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी ९.२० ला आमची गाडी वळणावर बर्फात घसरली आणि खाली नाल्यात गेली. गाडीत मी, दत्ता आणि ड्रायव्हर. वायरलेस सेट चालू होता. मी बोललो, "गाडी खाली. दोन जखमी. एक उत्तर देत नाही. ओव्हर."

"कोण उत्तर देत नाही? ओव्हर."

"मोहिते. ओव्हर."

माझी उजवी मांडी मोडली, गुडघ्याची वाटी फुटली. पाच महिने मिलिटरी हॉस्पिटल. मग मेडिकल बोर्ड. बोर्डाने घरी पाठवलं. पेन्शन, एक काठी आणि पस्तीस डिग्रीपुढे न वाकणारा गुडघा घेऊन मी विक्रोळीच्या चाळीत पहिल्या मजल्यावर येऊन बसलो.

घर सुमनचं होतं. मी सुट्टीवर येणारा माणूस. डबे कुठे, रॉकेलची लाईन कधी, मुलींच्या शाळेत कोणाला भेटायचं, सगळं तिला ठाऊक. मी खाटेवर.

घाटकोपरच्या एका इस्पितळात फिजिओथेरपी सुरू केली. सोमवार आणि गुरुवार. सुमन मला रिक्षाने घेऊन जायची. तिथे राणे म्हणून एक जण होता. तिशीचा, गोरा, बाही दुमडलेली. त्याने गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि सांगितलं, गुडघ्याने टॉवेल खाली दाबा, मांडी आवळा, पाच मोजा, सोडा. दहा वेळा. दिवसातून तीनदा.

फौजेत दहा म्हणजे कच्च्या पोरांसाठी. मी शंभर केले. तीनदा. तिसऱ्या दिवशी गुडघा शहाळ्याएवढा. राणेने बर्फ लावला आणि म्हणाला, "हवालदार, हा गुडघा आहे. रिक्रूट नाही. पनिशमेंट देऊन ऐकणार नाही."

सुमन हसली. माझ्या जखमेवर हसली याचं नाही, त्याच्या बोलण्यावर हसली याचं मला लागलं.

त्यात राणे मालवणचा आणि सुमनचं माहेर कुडाळकडचं. मी साताऱ्याकडचा. मला मालवणी कळते, जिभेवर बसत नाही. तो विचारायचा, "काय वैनी, फौजी आज गप कित्याक?" ती म्हणायची, "पाय वाकणा नाय, तोंड पण उघडणा नाय." दोघं हसायची. टेबलावर मी, माझा पाय त्याच्या हातात, आणि बायको त्याच्याशी तिच्या आईच्या बोलीत बोलतेय. लग्नाच्या सोळा वर्षांत ती माझ्याशी त्या बोलीत एकदाही बोलली नव्हती.

ऑक्टोबरात सुमन बुधवारीही जायला लागली. कुठे, तर म्हणे बाजारात. येताना पिशवी रिकामी. मी पेट्रोलचा लॉग लिहायचो तसा मुलीच्या वहीच्या मागे लॉग लिहू लागलो. छापल्यासारखी अक्षरं काढून. 'बुध. १०.१० निघाली. १.०५ परत. भाजी नाही.' 'बुध. १०.०५ निघाली. नवी साडी. १२.५० परत. खूश.'

आणखी एक गोष्ट दिसली. ती मध्येच थांबायची. चुलीपुढे, नळाच्या लाईनीत, मुलीची वेणी घालताना. नजर समोर, ओठ हलायचे, जसं काही मोजतेय. मग सुस्कारा. मी विचारलं, कोणाचा विचार करतेस. ती म्हणाली, कोणाचा नाही. मी वहीत लिहिलं, 'खोटं बोलते.'

हसू नका. माणूस खाटेवर पडला की त्याच्या डोक्याला दुसरी ड्युटी नसते.

चौथ्या बुधवारी मी तिच्या मागे निघालो. ती बसने, मी रिक्षाने. १०.४० ला इस्पितळ. ती आत शिरताना मी पाहिली. खालच्या मजल्यावर राणेच्या खोलीत डोकावलो. खुर्ची रिकामी. वॉर्डबॉयला विचारलं. म्हणाला, साहेब वर गेलेत.

घरचा एक सोडला तर मला जिना मना होता. राणेनेच मना केला होता, आणि मला वाटलं, का मना केला ते आता कळलं. अडतीस पायऱ्या. मी काठी कठड्याला टेकवली आणि एकेक चढलो. वर कॉरिडॉरच्या टोकाला एक दार, दाराला हिरवा पडदा. आतून आवाज येत होता, "आवळा. धरून ठेवा. श्वास कोंडू नका. सोडा." आवाज बाईचा होता. पण तेव्हा मला कान नव्हते. मी पडदा ओढला. दांडीसकट खाली आला.

आत चटयांवर सात बायका. अंगभर साड्या, पाय दुमडून उताण्या पडलेल्या. मध्ये चष्मा लावलेली एक जाड मॅडम. राणेचा पत्ता नाही. तो त्याच्याही वरच्या मजल्यावर चहा पीत होता, ते नंतर कळलं. तिसऱ्या चटईवर सुमन. तिने मला पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

मॅडम म्हणाल्या, "बाहेर."

मी हललो नाही. मला हलताच येईना, गुडघा धरला होता. तेव्हा कोपऱ्यातून भांडुपची एक कोळीण, हिराबाई, उठून बसली. पदर खोचला आणि म्हणाली, "ये रं हवालदार. चटई मोकली हाय. तू पण आवल."

सगळ्या हसल्या. सुमन सोडून.

उतरणं चढण्यापेक्षा कठीण. मी पाचव्या पायरीवर बसलो. पंधरा मिनिटांनी सुमन आली आणि दोन पायऱ्या वर उभी राहिली. मी म्हटलं, काय आहे हे.

तिने सांगितलं. आवाज न चढवता, रिपोर्ट दिल्यासारखं. थोरलीच्या बाळंतपणापासून अंग बाहेर येतं. खोकलं, शिंकलं, हंडा उचलला की परकर भिजतो. दहा वर्षं. लग्नाकार्यात जाणं सोडलं ते त्यासाठी. माझ्यासोबत इस्पितळात येताना बाकावर बसून आयाबाईशी बोलली, तिने मॅडमकडे नेलं. मॅडम म्हणाल्या, अजून ऑपरेशनची पाळी नाही, व्यायामाने बराच फरक पडेल. आतल्या आत आवळायचं, दहा मोजायचे, सोडायचं. बाहेरून कोणाला दिसत नाही. नळावर, चुलीपुढे, कुठेही करता येतं.

मी म्हटलं, "दहा वर्षं. मला एकदा लिहिलं नाहीस."

"पत्र कोण वाचायचं तुमचं?"

मी गुडघा चोळू लागलो.

"आणि आता घरी आलात," ती म्हणाली, "तर वहीत लिहिता. मुलीने दाखवली मला वही."

मग तिने खांदा दिला. त्याला धरून मी एकेक पायरी उतरलो.

पुढच्या बुधवारी ती गेली नाही. मी म्हटलं, जा. म्हणाली, त्या बायकांपुढे कुठल्या तोंडाने जाऊ, माझा नवरा पडदे फाडतो. ओठ हलणंही थांबलं. हंडे मात्र ती भरतच होती, सकाळी चार. तिसरा हंडा चढवताना जिन्यात थांबून मांड्या जवळ घ्यायची. आता मला दिसत होतं. आधीही दिसायला हरकत नव्हती.

त्याच्या पुढच्या बुधवारी मी एकटा गेलो. दारात नवा पडदा होता. बाहेर अटेन्शनमध्ये उभा राहिलो, जमेल तेवढा. मॅडम बाहेर आल्या. मी सॉरी म्हटलं. त्या म्हणाल्या, "पाणी कोण भरतं?"

"ती."

"उद्यापासून?"

"मी."

"या गुडघ्याने हंडा नाही. कळशी, तीही अर्धी. उचलताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही. तुम्हीही, तीही. आणि तिला बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, कुंथायचं नाही. कळलं?"

"येस मॅडम."

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला मी नळाच्या लाईनीत, अठ्ठावीस बायकांत एक पुरुष. खालच्या मजल्यावरची म्हातारी म्हणाली, पलटणीत नळाची ड्युटी मिळाली वाटतं. मी हो म्हटलं. आठ खेपा, अर्धी कळशी, एक काठी. सुमन वरच्या गॅलरीतून बघत होती. खाली आली नाही, थांबवलंही नाही.

आठवडाभराने हिराबाई टोपली घेऊन थेट चाळीत आली आणि सुमनला हाताला धरून घेऊन गेली. मला एवढंच म्हणाली, "तू बस हितंच." मी बसलो.

वर्षभरात फरक पडला. पूर्ण नाही, बराच. सुमनच्या धाकट्या भावाच्या लग्नात ती पाच तास उभी होती. माझा गुडघा शंभर डिग्रीवर थांबला. राणे म्हणाला, पाणी भरलंत त्यानेच सुधारला. मला तो माणूस शेवटपर्यंत आवडला नाही, पण हे खरं बोलला.

हे मी का लिहितो, तर आमच्या सोसायटीत निवृत्त माणसं गुडघे, कंबर याबद्दल तासभर बोलतात. घरातल्या बाईला शिंकायची भीती वाटते का, हे विचारत नाहीत. विचारा. लाज धरू नका. आणि दहा सांगितले तर दहाच करा.

आमच्या फौजेत गेलेल्यांची नावं घेतात. लान्स नायक दत्ता मोहिते. त्याच्या दिवशी मी त्याच्या भावाला फोन करतो. दरवर्षी, ९.२० ला.

आणि सुमन. दोन वर्षांपूर्वी न्यूमोनियाने गेली. सहा दिवस इस्पितळात होती.

तेराव्याला हिराबाई आली. ऐंशीच्या पुढची, नातीच्या आधाराने. त्या खोलीतल्या आणखी दोघी बरोबर. तिघी सुमनच्या फोटोपुढे बसून असं काही बोलत होत्या की मी माझ्याच घरात पाहुणा. सुमनला काय आवडायचं, कशाची भीती वाटायची, सगळं त्यांना माहीत. चाळीस वर्षं बुधवारचं निमित्त काढून त्या भेटत राहिल्या होत्या. व्यायाम कधीच संपला होता. मला तिथेही पोटात दुखलं. बायकोच्या तेराव्याला माणूस बायकांवर जळतो. मी जळलो.

निघताना हिराबाई चप्पल घालत म्हणाली, "तुला म्हाईत हाय का, परत आली त्या दिवशी आमी तिला लय चिडवली. नवरा पडदा फाडून आला म्हून. तर काय म्हनली?"

मी म्हटलं, नाही.

"म्हनली, सोला वर्सं वाट बघितली. पयल्यांदा माज्या मागं कुनी आलं."

मी दार धरून उभा राहिलो. हिराबाई गेली. हे वाक्य सुमनने त्यांना दिलं होतं, मला नाही. त्या चाळीस वर्षं ते वापरून हसल्या असतील.

आता माझ्याकडे आहे. मी कोणाला वाचून दाखवत नाही. इथे लिहिलं, एवढंच.