त्याच्या गैरहजेरीचं कारण

आचऱ्याच्या बाजारात अजून म्हणतात, की तो स्वतःच्या खटल्याच्या तारखेला फिरकला नाही, म्हणून आत गेला. दहा वर्षं मी हे ऐकून घेतलं. त्याचा वकील मीच होतो.

नव्याण्णव सालची गोष्ट. किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणवाले आणि ट्रॉलरवाले यांची मारामारी झाली. ट्रॉलर चालवणाऱ्या तांडेलाचं डोकं कुणीतरी वल्ह्याने फोडलं. पकडला गेला माझा अशील, एक रापणवाला. मारणारा आपण नव्हे, हे तो पहिल्यापासून सांगत होता.

तांडेलाच्या साक्षीच्या आदल्या दिवशी तो माझ्या ओट्यावर आला.

"वकीलानू, उद्या मी येतंय. माझ्यार काय बोलतत, ता माका ऐकाक होया."

"येवन काय करतलस? बाकड्यार बसान घोरतलस. रापण ओढ जा. मी आसंय मां."

"तुम्ही आसास. पण त्या दिवशी दर्यार तुम्ही खंय व्हतास?"

मी हसून त्याला वाटेला लावलं. खरं कारण वेगळंच होतं. अशील कोर्टात असले की मागून कोट ओढतात, मधेच बोलतात. मला ते नकोसं होई.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या हजेरी माफीचा अर्ज दिला. कारण लिहिलं, आजारपण. तो ठणठणीत होता. खाली नेहमीचं वाक्य: आरोपीच्या ओळखीबद्दल वाद नाही. मासळीच्या हंगामात असे अर्ज मी डझनांनी देत असे, न वाचता.

साक्षीत तांडेल म्हणाला, वल्हं मारणारा डावखुरा होता, नाव मागाहून गावात कळलं. माझा अशील डावखुरा की उजवा, मला ठाऊक नव्हतं. विचारायला तो मागे नव्हता. मी पुढच्या प्रश्नाकडे वळलो.

निकालाला मात्र त्याला यावंच लागलं. दोन वर्षांची सजा झाली. कागदावर सही करायला त्याने पेन उजव्या हातात घेतलं.

"तू डावखुरो नाय?" मी विचारलं.

"नाय. कित्याक?"

मी अपील केलं. तिथे हा मुद्दा काढला, तेव्हा अर्जातलं माझंच वाक्य मला वाचून दाखवण्यात आलं: ओळखीबद्दल वाद नाही.

सुटल्यावर तो पुन्हा रापणीवर गेला, माझ्याकडे कधी आला नाही. बाजारातलं बोलणं त्याच्याही कानावर जात असेल. त्या तारखेला तो येत होता. मी त्याला येऊ दिलं नाही.