त्याचं सुतक

माझ्या थोरल्या जावेची मुलगी नऊ वर्षांची होती. मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य, जाऊन तीन-चार वर्षं झाली असतील. वालूरजवळच्या आमच्या गावात तिला कानातल्या सोन्याच्या बुगड्यांसाठी मारून विहिरीत टाकलं. मारणारा भावकीतलाच, माझ्या नवऱ्याचा चुलत भाऊ. पोर सापडेपर्यंत तोही आमच्याबरोबर शेतं धुंडाळत होता. राख सावडायलासुद्धा आला. पुढं बुगड्या मोडायला सेलूला गेला, तिथं सोनाराला संशय आला आणि धरला गेला.

परभणीच्या कोर्टानं त्याला फाशी सुनावली. गावातले म्हातारे म्हणायचे, "मोगलाईत नुसती सुनवायचे, देत कुठं व्हते?" मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, त्याचीच धास्ती. "आता राज्य बदललंय. आता देतील," असं ते स्वतःलाच बजावायचे. मलाही तेच हवं होतं. त्या पोरीची वेणी रोज मी घालायचे.

एक दिवस त्याची आई, आमची चुलत सासू, दारात आली. उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाही.

"भावजी, वकील म्हणतोय, पोरीच्या घरच्यांनी दयेचा अर्ज, रहमाची दरखास्त केली तर फाशीची जन्मठेप व्हईल. एकुलता एक हाय माझा."

"आमच्या तरी पोरी किती व्हत्या?" मामंजी ओरडले. "चालती व्हय!"

ती जावेकडं वळली. "तू तरी बोल, बाई."

जाऊ ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आत्याबाई, त्याला मारा असं मी कुणाला सांगितलं न्हाई. पर सोडा म्हणून माझ्या तोंडातून निघणार न्हाई."

म्हातारी आली तशी निघून गेली.

पुढच्या उन्हाळ्यात निरोप आला. फाशी झाली होती. मामंजींनी आंघोळ केली, देवापुढं दिवा लावला आणि घरात सांगितलं, "त्याचं सुतक या घरात धरायचं न्हाई."

आमच्याकडं मयत झालं की त्या घरात चूल पेटत नाही. भावकीलाही सुतक असतं, म्हणून भाकरी बाहेरच्यांनी नेऊन द्यायची. पण त्या म्हातारीच्या घरी कोण जाणार? गावानं तिला वाळीत टाकलं होतं.

जावेनं परातीत पीठ घेतलं. भाकरी थापल्या, पिठलं केलं, सगळं फडक्यात बांधलं.

"हे कुणाला चालवलंस?" मामंजींनी विचारलं.

"आत्याबाईला."

"त्याच्या आईला?"

"तिचं लेकरू गेलंय, मामंजी. तुमीच म्हणलात, आपल्याला सुतक न्हाई. मग भाकर आपणच द्यायची की."

जाऊ निघाली. मला राग आला होता, तरी तिला एकटीला सोडवेना म्हणून मागं गेले.

म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. आम्हाला पाहून तिनं पदर डोळ्यांवर ओढला. जाऊ समोर बसली, भाकरीचा तुकडा मोडून तिच्या हातात दिला. "खा, आत्याबाई." म्हातारी रडत रडत खात होती. जाऊ रडली नाही. माफ केलं असंही म्हणाली नाही. म्हातारीचं पोट भरेपर्यंत बसली आणि उठली.

परतताना मी विचारलं, "बाई, तो मेला, बरं वाटलं का?"

तिनं हातातलं फडकं झटकलं, घडी घातली. मग म्हणाली, "मला वाटलं व्हतं, वाटंल. सकाळपासून वाट बघायलेय."

आजही कुठं लेकराचा असा जीव घेतल्याचं कानावर आलं की माझ्या तोंडून सगळ्यात आधी फाशी हाच शब्द निघतो. तो चूक आहे असं मी म्हणणार नाही. नातवंडं विचारतात, फाशी असावी की नसावी? मी म्हणते, जिचं लेकरू गेलं तिला विचारा. आणि मग आठवतं, जावेला तर कुणी विचारलंच नव्हतं. एक ती म्हातारी सोडली तर.